उंदरांचे डॉक्टर

आमच्या प्रयोगशाळेत प्रयोग यशस्वी झाला की चहा मिळायचा आणि फसला की शेवभाजी. हा नियम सरांचा. धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नवीन मुलीची थट्टा चाललीय. मी विचारलंच, "सर, उलटं नको का?"

"यश आलं की माणसाचं पोट आपोआप भरतं," सर म्हणाले. "फसल्यावर भूक मोडते. म्हणून त्याला नेऊन खायला घालावं लागतं."

खानदेशातल्या गावांमधून लोक मधुमेहावर, सांध्यांच्या सुजेवर जो झाडपाला घेतात, त्याचा खरंच गुण येतो का, हे तपासायचं आमचं काम. पाला आणायचा, सावलीत वाळवायचा, त्याचा अर्क काढायचा आणि पांढऱ्या उंदरांना देऊन बघायचं. बहुतेक वेळा काहीच गुण दिसत नसे. त्यामुळे महामार्गावरच्या ढाब्यावर आम्ही तर्रीची शेवभाजी पुष्कळ खाल्ली. ढाब्याचा मालक सरांना लांबून येताना बघूनच म्हणायचा, "आज परत नापास का, सर?"

सर मूळचे सोनगीरचे. उंच, हडकुळे, मान नेहमी खाली. लोकांना वाटायचं फार नम्र आहेत. प्रत्यक्षात ते रस्त्याकडेचं गवत बघत चालायचे. समोरून प्राचार्य आले तरी दिसायचे नाहीत, पण गटाराच्या कडेला उगवलेली रिंगणी बरोबर दिसायची. शर्टाच्या खिशात कायम कसलातरी पाला. वर्गात खडू काढायला जायचे आणि हातात शेंग यायची. मग त्या दिवशी शेंगेवरच तास व्हायचा.

अंगावरचा पांढरा एप्रन ते बाहेरही काढत नसत. साक्रीच्या आठवडे बाजारात झाडपाला विकणाऱ्या बायकांकडे आम्ही जायचो, तेव्हा एप्रन बघून लोक भोवती जमायचे. कुणी रिपोर्ट पुढे करायचं, कुणी जीभ काढून दाखवायचं. सर हात जोडून सांगायचे, "भाऊ, मी माणसंना डॉक्टर नही. उंदीरस्ना डॉक्टर शे." एका म्हातारबांनी शांतपणे सांगितलं, "मंग मना घर चला. घरमा भलता उंदीर व्हयेल शेत." सर हसत हसत खाली बसले आणि तासभर त्या आबांशी गप्पा मारत राहिले. वर्गात ते आमच्याशी प्रमाण मराठी बोलत. बाजारात, शेतात आणि उंदरांशी मात्र अहिराणी. उंदीर हातात घ्यायच्या आधी ते त्याच्याशी दोन शब्द बोलायचेच. "ये रे भाऊ, घाबरू नको, आज फक्त वजन करनं शे." आम्ही हसायचो, पण आमच्या हाताला जे उंदीर चावायचे ते सरांच्या हातात गप्प बसायचे, हेही खरं.

वाळवून कागदावर चिकटवलेल्या प्रत्येक झाडाला चिठ्ठी लावायची असते. झाडाचं नाव, गाव, तारीख, उपयोग. सरांच्या चिठ्ठ्यांत आणखी एक ओळ असायची. एका चिठ्ठीवर होतं: "गुडघेदुखीवर. दाखवणारा स्वतः लंगडत होता." दुसरीवर: "सर्व रोगांवर. दाखवणाऱ्याला बस पकडायची होती." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा त्या ओळींना हरकत घेतली. सर म्हणाले, "साहेब, झाड खोटं बोलत नाही. पण माझ्यापर्यंत ते माणसाच्या तोंडून येतं. मग माणसाची नोंद नको?"

माझी पद्धत वेगळी होती. मी छान फॉर्म छापून घेतला होता. मधुमेह, सूज, ताप, खोकला, समोर चौकोन. विचारायचं आणि खूण करायची. सरांनी तो फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाले, "लोक असे चौकोनात बोलतात का?" मला वाटलं, सर जुन्या वळणाचे आहेत.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगाला एका गावात एक अक्का राहायच्या. सत्तरीच्या, शेती करणाऱ्या, झाडपाल्याची जाणकार म्हणून पंचक्रोशीत नाव. सर त्या दिवशी परीक्षेच्या कामात अडकले होते, म्हणून मी एकटीच गेले. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं सांगितलं की अक्कांकडे शुगरवर जालीम पाला आहे. अक्कांनी पाला दाखवला, मी विचारलं, त्यांनी होकार दिला, मी मधुमेहाच्या चौकोनात खूण केली आणि परतीची जीप गाठली. त्या झाडाचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

त्या पाल्याचा अर्क मी मधुमेही उंदरांना दिला आणि आठवड्यागणिक त्यांच्या रक्तातली साखर उतरू लागली. महिन्याअखेरीला आलेख काढला तर रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. मला आनंदानं काही सुचेना. सरांनी चहा मागवला, आलेख बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "छान आहे. आता थोडं थांब. कुणाला सांगू नकोस."

मी थांबले नाही. संध्याकाळी असोद्याला आप्पांना फोन केला. आप्पा म्हणजे माझे वडील. केळी आणि कपाशीची शेती, आणि बऱ्याच वर्षांपासून मधुमेह. मी पाल्याचं नाव सांगितलं, फोटोही पाठवला. आप्पा फोनवर नुसतं "हं, हं" करत राहिले. ते खूश असले की असंच करतात.

इकडे सरांनी त्यांचं नेहमीचं काम सुरू केलं. उंदराला जे देतो ते आधी आपल्या जिभेवर ठेवायचं, अशी त्यांची सवय होती. एरवी ते नुसतं चाटून थुंकायचे. या वेळी त्यांनी गावात लोक घेतात त्या बेतानं पाल्याचा काढा करून चक्क दोन दिवस सकाळी घेतला. आम्ही नको म्हणालो, तर म्हणाले, "अक्का कितीतरी जणांना देते. मला काय होतंय?" दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला. डब्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. सरांनी घास उचलला, परत ठेवला आणि डब्याकडे बघत बसले.

"मी भरीत खाऊ शकत नाहीये," ते हळू आवाजात म्हणाले. एखाद्यानं दिसत नाहीये म्हणावं, तसं. मग एकदम ताठ बसले. "तुझे उंदीर किती खातात ग?"

मी खाण्याची नोंद ठेवली नव्हती. साखर मोजली होती, वजन मोजलं होतं, खाणं कुणी मोजलं नव्हतं. आणि वजनं उतरली होती, ती मी आजारपणाच्या खात्यावर टाकून दिली होती.

"माझी भूक मेली," सर म्हणाले. "त्यांचीही मेली असेल. उपाशी राहिलं की साखर उतरणारच. त्याला पाला कशाला लागतो?"

प्रयोग पुन्हा करायचा ठरला. या वेळी उंदरांचा आणखी एक गट घ्यायचा. त्याला अर्क द्यायचा नाही, फक्त अर्क घेतलेले उंदीर जेवढं कमी खातात तेवढंच मोजून खायला द्यायचं. त्यांचीही साखर तेवढीच उतरली, तर पाल्याचा गुण शून्य. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे नव्यानं अर्ज गेला. मी मनातून सरांवर रुसले होते. सोन्यासारखा आलेख, आणि हे एका भरताच्या घासावरून त्याची धूळधाण करायला निघाले होते.

दुसरा प्रयोग निम्म्यावर असताना आईचा फोन आला. म्हणाली, आप्पांना फार थकवा वाटतोय, सारखी तहान लागते, आणि आज तिला कळलं की त्यांनी गोळ्या बंद केल्यात. रोज सकाळी बांधावरून तोच पाला तोडून त्याचा काढा घेताहेत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी मी पाठवलेला फोटोही टाकला होता: "आमच्या पोरीचं संशोधन."

मी रडतच सरांकडे गेले. सरांचा तास चालू होता. त्यांनी मुलांना "पुस्तक वाचा" म्हणून सांगितलं, खुर्चीवरची पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर बसस्टँडवर आले. धुळे ते जळगाव, जळगावहून असोदा, सगळ्या रस्त्यात ते मला एकदाही रागावले नाहीत. एप्रन तसाच अंगावर. पारोळ्याला एक बाई बसमध्ये चढल्या आणि त्यांना पाठदुखी सांगू लागल्या, तर त्यांचंही त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

आप्पा ओट्यावर बसले होते. चेहरा उतरलेला, पण सरांना बघून उभे राहिले. "या सर, या. मले काय होते, मस्त आहे मी. हे बायकोच घाबरून राह्यली."

सर त्यांच्या शेजारी बसले. पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचून घेतली. "माझी बघू आधी," म्हणाले. मग आप्पांचं बोट घेतलं. चढलेला आकडा बघून आई आत निघून गेली.

"गोळ्या का बंद केल्या, आप्पा?"

आप्पा म्हणाले, "पोरगी एवढं शिकून राह्यली. तिच्या औषधावर बापानंच भरोसा नाही ठेवला, तर दुसरं कोण ठेवीन?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. सर मात्र हसले. त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, माझ्याकडे उंदीर पुष्कळ आहेत. बाप मात्र हिला एकच आहे. प्रयोग उंदरांवर होऊ द्या. तुम्ही गोळ्या घ्या."

आप्पांनी त्यांच्यासमोर जेवण केलं आणि गोळी घेतली. मग सरांनी त्यांना घरच्या मोटरसायकलवर मागे बसवून गावच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. परत आल्यावर दोघं केळीच्या बागेत गेले ते चांगला तासभर आले नाहीत. आले तेव्हा सरांच्या खिशात बांधावरचं तीन प्रकारचं गवत होतं आणि आप्पा त्यांना त्याची लेवा बोलीतली नावं सांगत होते. निघताना मी ग्रुपवर लिहिलं की तो पाला कुणी घेऊ नये, चूक माझी आहे. सर बाजूला उभं राहून म्हणाले, "शेवटी 'गोळ्या चालू ठेवा' हे मोठ्या अक्षरात लिही."

दोन-तीन आठवड्यांत आप्पांची तब्येत ताळ्यावर आली. माझा प्रयोग मात्र आडवा झाला. मोजून कमी खाल्लेल्या उंदरांची साखर अर्क घेतलेल्या उंदरांइतकीच उतरली होती. पाल्याचा मधुमेहावर गुण शून्य. दीड वर्ष पाण्यात, विद्यापीठाची मुदत डोक्यावर, आणि पहिल्या आलेखाचं कौतुक सगळ्या विभागात होऊन गेलेलं. बरोबरच्या एकीनं सुचवलं की खाण्याची नोंद कोण मागतंय? पहिला प्रयोगच लिहून टाक. मी दोन दिवस तोच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी सरांना विचारून टाकलं, "सर, दुसरा प्रयोग लिहिलाच नाही तर?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नको लिहूस. तुझा प्रबंध, तुझी मर्जी." मग फोन माझ्याकडे सरकवला. "फक्त आप्पांना एकदा सांग की गोळ्या बंद करा."

मी फोन परत त्यांच्याकडे सरकवला. नंतर जे रडू आलं ते मोकळं होतं. सरांनी ते थांबेपर्यंत खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. आणि मग म्हणाले, "चला, ढाब्यावर." त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. सर म्हणाले तसंच होतं, भूक लागलीय हे मला माहीतच नव्हतं.

सरांचा आणखी एक दंडक होता. ज्यानं झाड दाखवलं त्याला निकाल सांगायचा, आणि तोंडानं, घरी जाऊन सांगायचा. ते म्हणायचे, शहरातली माणसं गावात येतात, पाला नेतात, माहिती नेतात, आणि परत कधी तोंड दाखवत नाहीत. त्यामुळे आम्ही अक्कांकडे निघालो. मला धाकधूक होती. ज्या बाईचं औषध पंचक्रोशी घेते, तिला तोंडावर सांगायचं की तुझ्या पाल्यात गुण नाही.

अक्का अंगणात मठ, म्हणजे मटकी, निवडत बसल्या होत्या. सर जमिनीवर मांडी घालून बसले आणि अहिराणीत सगळं सांगितलं. उंदीर, साखर, भूक, सगळं. अक्कांनी निवडायचं थांबवून ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पन बाई, मी शुगरनं औसद देतच नही."

"अक्का, मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

"तू इचारं, शुगरवालास्ले चालस का? मी सांगं, चालस. खाईसन काई बिघडत नही, आसं मी सांगं. औसद शे आसं कव्हय सांगं?"

मी खाली बघितलं. शुगरच्या माणसाला चालतं का, एवढंच मी विचारलं होतं आणि हो म्हटल्यावर चौकोनात खूण केली होती. माझं दीड वर्ष त्या एका 'चालस'मध्ये गेलं होतं. सरांकडे बघायची माझी हिंमत होईना. बघितलं तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मंग अक्का, तुम्ही हाऊ पाला कसावर देतस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सुजेवर. बैलना खांदा सुजना, माणूसना गुडघा सुजना, तं लावतस. आनि थोडा पोटमा देतस, दोनच दिन. जास्त दिधा तं माणूस जेवत नही." अक्कांनी हे असं सांगितलं, जणू हे जगात सगळ्यांना माहीत आहे.

जेवत नही. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. या वेळी मला हसू फुटलं आणि मग ते थांबेचना. अक्काही हसू लागल्या, कशाला ते न विचारता.

मी प्रबंधाचा विषय बदलून घेतला. त्यासाठी विद्यापीठात किती खेटे घातले ते आठवत नाही, पण प्रत्येक खेपेला सर बरोबर होते. आता उंदराच्या पंजाला सूज आणायची, अर्क द्यायचा आणि पंजा पाण्याच्या नळीत बुडवून सूज किती उतरली ते मोजायचं. सूज उतरली. बाजारातल्या गोळीइतकी नाही, पण नक्की उतरली. खाण्याचं मोजमाप या वेळी मी पहिल्या दिवसापासून ठेवलं होतं. फॉर्म फाडून टाकला आणि अक्कांचे शब्द अक्कांच्या बोलीत प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिले.

हा निकाल सांगायला गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "हाई समजाले तुमले किती दिन लागनात?"

"वरीसभर," सर म्हणाले.

"आनि त्या उंदीरस्ना पाय कोनी सुजाडात?"

"आम्हीच."

अक्कांनी थोडा विचार केला. "पहिले तुम्हीच सुजाडतस, आनि मंग तुम्हीच उतारतस. तुमनं काम भलतं झकास शे."

पण त्यांच्या मनात काहीतरी चाललेलं होतं. आम्ही उठायला लागलो तशा त्या आत गेल्या आणि मूठभर वाळलेल्या मुळ्या घेऊन आल्या. "हाई मन्ही सासूनी मुळी. ज्यास्ना बोटे आखडतस त्यास्ले मी देस. चाळीस वरीस व्हयनात. पन भाऊ, खरं सांगू? तिनामा काई दम शे आसं माले वाटत नही. लोके मांगतस म्हनीसन देस. तुम्ही तपासा. काई निंघनं नही तं मी बंद करसू."

सरांचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. परीक्षक, प्राचार्य, परिषदा, कुणापुढे ते असे उभे राहिले नसतील. त्यांनी दोन्ही हात पुढे करून त्या मुळ्या घेतल्या. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. साक्री मागे पडल्यावर म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत स्वतःच्या औषधावर शंका घेणारा वैद्य मला भेटला नव्हता. पदवीवाले तर सोडच."

सर निवृत्त झाले, मला जळगावच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मुळ्यांचं काम माझ्याकडे आलं. मी ते नीट केलं. वेगवेगळ्या मात्रा दिल्या, पुन्हा पुन्हा मोजलं. मुळीत काहीच गुण निघाला नाही. मी सरांना फोन केला. ते सोनगीरहून आले, मी जळगावहून, आणि आम्ही दोघं डोंगराकडच्या त्या फाट्यावर उतरलो. सरांचे गुडघे आता कुरकुरतात. चढाला ते दोनदा थांबले, दोन्ही वेळा झाड बघायचं निमित्त करून.

अक्का चुलीपुढे होत्या. मी सांगितलं. अहिराणी माझी अजून मोडकीच आहे, पण त्यांना समजलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं, चाळीस वर्षांचं आहे, सासूचं आहे, वाईट वाटलं असेल.

"माले वाटेच," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, आढ्याला टांगलेली मुळ्यांची जुडी काढली, गाठ सोडली आणि सगळ्या मुळ्या चुलीत सारल्या. जाळ भरकन वर आला. भाकरी टम्म फुगली. अक्कांनी ती सरांच्या ताटात टाकली, दुसरी थापायला घेतली आणि जळणाऱ्या मुळ्यांकडे बघत समाधानानं म्हणाल्या, "जयस मातर चांगली."